निव्वळ वजन

हरिपूरच्या संगमावर नको,
तिथे शनिवारी अर्धी सांगली याच कामाला येते.
आयर्विन पुलावर दोन मिनिटं थांबलं
की मागचा हॉर्न देतो.
गणपतीच्या देवळात तिची मावशी. दर मंगळवारी,
आणि चुकून इतर वारीही.
अस्लम नायकवडी म्हणाला, महाबळेश्वरला ने,
स्ट्रॉबेरी खायला घाल, नाही कशाला म्हणेल?
मी म्हटलं, महाबळेश्वरला आमचं काहीच घडलेलं नाही.

आमचं घडलं ते मार्केट यार्डात,
साठ टनी वजनकाट्यावर,
हळदीच्या सौद्यांच्या ऐन गर्दीत.
भरला टेम्पो चढवला तेव्हा मी आत होतो.
रिकामा चढवला, आणि उतरून चहाला गेलो.
तोच भोंग्यातून सगळ्या यार्डाला ऐकू गेलं:
"चव्वेचाळीस अकरा, टेम्पोवाले, परत या.
भरताना होतात, रिकाम्याला उतरलात.
तुमचे सत्तर किलो हळदीत धरले गेलेत."
हमाल हसले. अडते हसले.
त्या दिवसाच्या भावानं
मी दहा हजारांना विकला गेलो होतो.
परत जाऊन बसलो. काचेमागे पाहिलं:
पिवळ्या भुवया, कानामागे पेन,
राजमती मगदूम. नाव आजीचं,
आवाज कुणाच्या बापाला न भिणारा.

चार वर्षं झाली.
आता ती विश्रामबागला बँकेत नोटा मोजते.
भुवया काळ्या झाल्या, हे मला अजून पटलेलं नाही.

रविवारी यार्ड बंद. रखवालदार दगडू ऐवळे.
त्यांना आधी भडंगाची पिशवी दिली, मग खरं कारण सांगितलं;
उलट केलं असतं तर फुकटात झालं असतं.
बोटाचं माप दोऱ्यानं घेतलं.
"काय मोजतोस?"
"नाडी बघतोय."
अंगठी साडेतीन ग्रॅमची.
आणि काट्याला दहा किलोच्या आतलं काही दिसत नाही.
हे आधी गमतीचं वाटलं,
मग रात्री दोन वाजता भीतीचं.
बोलायचं वाक्य जुन्या पावत्यांच्या मागे
सात वेळा लिहिलं. सातव्यात "कृपया" होतं.
अस्लम म्हणाला, कशाला एवढं,
तुला तर रोजच हळद लागते.

तिला सांगितलं, काटा चुकतोय, तू एकदा बघ.
तिनं ते खरं मानलं.
रविवारची झोप मोडून, चष्मा घेऊन आली.
आणि काटा खरंच चुकत होता!
रिकामा, तरी आकडा वीस.
पाहिलं तर लोखंडी पत्र्यावर, उन्हात,
यार्डातलं कुत्रं पसरलेलं.
बिस्किटाला उठेना, शिवीला उठेना.
तेवढ्यात पोत्यांच्या थप्पीमागे
झेंडूची टोपली घेऊन लपलेला अस्लम शिंकला.
एकदा, मग सलग चार वेळा.

तिनं पोत्यांकडे पाहिलं.
माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं.
काही न बोलता केबिनमध्ये गेली.

मी टेम्पो चढवला. कुत्रं जेमतेम हातभर सरकलं.
इंजिन बंद केलं. वाक्य गेलं.
"कृपया" तेवढं उरलं, ते एकटं कसं म्हणायचं?
मग नुसती डबी उघडून
खिडकीबाहेर हात धरला,
टोलनाक्यावर सुट्टे पैसे धरतात तसा.

भोंगा खरखरला.
बंद गाळ्यांवरून कबुतरं उडाली.
"चव्वेचाळीस अकरा, टेम्पोवाले."
मग बराच वेळ नुसती खरखर.
त्या खरखरीत मी चार वर्षांचे
सगळे चुकलेले आकडे आठवले.
"रिकाम्याला उतरू नका.
मी येते. बसते."

बटण दगडूकाकांनी दाबलं.
पावती टेम्पोच्या कागदपत्रांत ठेवलीय,
पीयूसी आणि विम्याच्या मध्ये.
एकूण चार हजार एकशे साठ.
त्यात टेम्पो आहे, मी आहे, ती आहे.
अंगठी धरलेली नाही.
कुत्र्याचे वीस आहेत,
ते अजून कुणी वजा केलेले नाहीत.